गेमपासून दुरावलेला देश आणि दोन पडद्यांचे यंत्र

जपानी भाषेत एखाद्या गोष्टीपासून लोक दुरावू लागले, की त्या गोष्टीच्या नावापुढे 'बानारे' हा शब्द जोडतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो एका अनपेक्षित ठिकाणी येऊन चिकटला : 'गेमु-बानारे'. ज्या देशाने जगाला मारिओ दिला, तेथीलच माणसे व्हिडिओ गेम बाजूला ठेवू लागली होती. हा धागा त्या दुराव्याचा.

गेमचा कंटाळा इतिहासात प्रथमच आला होता असे नाही. १९८३ साली अमेरिकेतील गेमचा बाजार कोसळला. तेथील कारण सरळ होते : निकृष्ट गेमांचा महापूर. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो येथे खड्ड्यात पुरला. (२०१४ साली तो पुरातत्त्वज्ञांच्या उपस्थितीत उकरून काढण्यात आला. उत्खननात मातीची भांडीच सापडावीत असा काही नियम नाही.) १९८५ पासून निन्तेन्दोने चांगले गेम दिले आणि अमेरिकी मुले परतली.

जपानमधील दुखणे याच्या नेमके उलट होते. तेथे गेम वाईट झाले नव्हते. ते वर्षागणिक अधिक भव्य होत होते. १९८३ च्या फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर दिशा देणारी एक फुली आणि खेळण्याची दोन बटणे होती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'कॅसेट' घालून खेळले जाणारे स्वस्त टीव्ही-गेम बहुधा याच यंत्राच्या नकला होत्या. तेव्हा हा कंट्रोलर अनेक मराठी घरांनाही ओळखीचा. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरवर मात्र दोन कांड्या, एक फुली आणि खेळण्याची आठ बटणे होती. सतत खेळणाऱ्याला यात अडचण वाटली नाही, कारण त्याची बोटे यंत्राबरोबरच वाढत गेली होती. परंतु नोकरी, संसार किंवा परीक्षा यांमुळे ज्याचा चार वर्षांचा खंड पडला, त्याला परतण्याची वाटच उरली नाही. शिवाय एक गेम पुरा करायचा तर चाळीस-पन्नास तास हवेत. ते आणायचे कोठून? १९९७ नंतर जपानी बाजार आकसू लागला.

२००२ साली सातोरू इवाता निन्तेन्दोचे अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच अध्यक्ष, आणि मुळात प्रोग्रामर. साप्पोरोत शाळेत असताना ते प्रोग्राम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर गेम रचत आणि वर्गमित्राला खेळायला देत. शेजारच्या बाकावरील त्या मित्राचे हसू हीच त्यांची पहिली मिळकत.

अध्यक्षपद मिळाले तेव्हा कंपनीची स्थिती नाजूक होती. तिच्या गेमक्यूबची अखेरची विक्री सुमारे २.१७ कोटी, सोनीच्या प्लेस्टेशन २ ची १५ कोटींहून अधिक. पुढचे यंत्र अधिक शक्तिशाली करणे हा शहाण्यांचा मार्ग होता. इवातांनी प्रश्नच बदलला. आपली लढाई सोनीशी नसून लोकांच्या उदासीनतेशी आहे, असे ते मांडत.

या विचाराला घरातच पूर्वज होता. निन्तेन्दोचे गुन्पेई योकोई यांना बुलेट ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरची बटणे चाळा म्हणून दाबत बसलेला एक कंटाळलेला प्रवासी दिसला. त्यातून १९८० चा 'गेम अँड वॉच' हा खिशात मावणारा खेळ जन्मला. स्वस्त, मुरलेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा अनपेक्षित उपयोग करावा, हे योकोईंचे सूत्र.

डिसेंबर २००४ मध्ये जपानात निन्तेन्दो डीएस विक्रीस आले. दोन पडदे, त्यांतील एक स्पर्श ओळखणारा, आणि सोबत एक लेखणी. त्याच महिन्यात आलेल्या सोनीच्या पीएसपीपुढे त्याची चित्रे फिकी होती. पण लेखणी धरायला कोणाला शिकवावे लागत नाही. मे २००५ मध्ये तोहोकू विद्यापीठाचे र्‍यूता कावाशिमा यांच्या संशोधनावर बेतलेला मेंदूच्या व्यायामाचा गेम आला : यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे, सोपी गणिते सोडवायची, उतारा मोठ्याने वाचायचा. मेंदू खरोखर तल्लख होतो का, यावर पुढे बरेच वाद झाले. लोक खेळू लागले, हे मात्र निर्विवाद. त्यांत आजी-आजोबाही होते. डीएसची विक्री १५.४ कोटींवर गेली. २००६ च्या वी या कन्सोलचा कंट्रोलर तर टीव्हीच्या रिमोटसारखा होता. हात फिरवला की टेनिसची रॅकेट फिरे. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत त्यावर बोलिंगचे सामने रंगले.

जुने निष्ठावंत मात्र कुरकुरले. आपल्याला सोडून कंपनी पाहुण्यांच्या सरबराईत गुंतली, ही त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. दहा मिनिटांच्या विरंगुळ्यासाठी आलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे तोच विरंगुळा मोबाइलवर मिळाला. वीच्या १० कोटींनंतर आलेले वी यू सुमारे १.३५ कोटींवर अडकले.

मार्च २०१५ मध्ये इवातांनी एकाच मंचावरून दोन घोषणा केल्या : निन्तेन्दो मोबाइलसाठी गेम करणार, आणि 'एनएक्स' या सांकेतिक नावाचे नवे यंत्रही घडते आहे. ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते निवर्तले. मार्च २०१७ मध्ये ते यंत्र 'स्विच' या नावाने दुकानांत आले.