रोहित्राविना सौर इन्व्हर्टर : वजन हलके, सुरक्षेची जबाबदारी जड

धाराशिव : जिल्ह्याला उन्हाची वानवा नाही. कौडगाव येथे महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेने घरांच्या छतांवरील सौर पॅनेललाही चालना दिली. पॅनेलमधील डीसी विजेचे एसी विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर हा या यंत्रणेचा गाभा होय. घरगुती वापरात आता बहुतांशी रोहित्रविरहित इन्व्हर्टर आढळतात.

धोका कोठे?
रोहित्र वगळल्याने वजन व किंमत घटते आणि कार्यक्षमता ९७ टक्क्यांच्या आसपास जाते. मात्र पॅनेल आणि वीजजाळे यांना विलग ठेवणारा अडसरही नाहीसा होतो. पॅनेल व त्याची धातूची चौकट यांच्यात सूक्ष्म धारित्र असते. पॅनेल भिजल्यास ते वाढते. इन्व्हर्टरमधील वेगवान स्विचिंगमुळे या मार्गाने गळती प्रवाह जमिनीकडे वाहू शकतो.

उपाय कोणते?
जर्मनीत विकसित झालेल्या ‘एच-५’ आणि ‘हेरिक’ या रचनांत चार स्विचच्या नेहमीच्या ब्रिजला अनुक्रमे एक व दोन जादा स्विच जोडले जातात. ठरावीक क्षणी पॅनेल जाळ्यापासून अलग होऊन गळती घटते. आयईसी ६२१०९-२ या २०११ च्या मानकानुसार, ३० केव्हीएपर्यंतच्या इन्व्हर्टरमध्ये सततची गळती ३०० मिलिअँपिअरपुढे गेल्यास, अथवा ती एकाएकी ३० मिलिअँपिअरने वाढल्यास ०.३ सेकंदांत पुरवठा तुटला पाहिजे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार जाळ्यात शिरणारा डीसी प्रवाह इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या ०.५ टक्क्यांहून अधिक नसावा.

उन्हाची कसोटी
विश्वासार्हतेचा प्रश्न उष्णतेशी निगडित आहे. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या भागात इन्व्हर्टर सावलीत व हवेशीर जागी असणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

ग्राहकांनी काय पाहावे?
पॅनेलच्या चौकटीस व इन्व्हर्टरला योग्य अर्थिंग हवे. मात्र पॅनेलचा धन वा ऋण ध्रुव जमिनीला जोडू नये. इन्व्हर्टर सुरू होण्यापूर्वी स्वतःच इन्सुलेशन तपासतो. पावसाळ्यात त्याने वारंवार दोष दाखविल्यास तो बिघाड समजून यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करू नये. कोठेतरी तारेचे आवरण फाटल्याची ती सूचना असू शकते. अशा वेळी चौकटीला हात न लावता जाणकार तंत्रज्ञास बोलवावे.