विंचूरकरांचे स्वार आणि इब्राहिमखानाचे गारदी: परकी विद्या घेऊन आलेल्यांची मराठी दौलतीतील कहाणी

१/ निफाड तालुक्यातील विंचूर आज द्राक्षे आणि वाइन पार्कमुळे ओळखले जाते. अठराव्या शतकात ते विठ्ठल शिवदेव दाणी या पेशव्यांच्या नामांकित सरदाराच्या जहागिरीचे गाव होते. मूळचे सासवडचे हे घराणे पुढे विंचूरकर याच नावाने प्रसिद्ध झाले. पानिपतावर याच विंचूरकरांच्या पथकाशेजारी वेगळ्या विद्येचा एक सेनानी उभा होता: इब्राहिमखान गारदी.

२/ इब्राहिमखान तयार झाला तो फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली. १७५१ पासून बुसी निजामाच्या दरबारी होता. बंदुका आणि संगिनी घेऊन रांगेत लढणारे पायदळ, सोबत जलद मारा करणाऱ्या तोफा, ही त्याची पद्धत. १७५८ मध्ये बुसीला परत बोलावण्यात आले आणि त्याच्या तालमीत घडलेली माणसे नव्या धन्याच्या शोधात निघाली.

३/ इब्राहिमखान काही काळ निजामअलीकडे राहिला. नंतर सदाशिवरावभाऊंनी त्याला पेशव्यांच्या चाकरीत घेतले. हा निर्णय सोपा नव्हता. त्याचाच नातलग मुजफ्फरखान गारदी आधी पेशव्यांकडे होता आणि १७५९ मध्ये भाऊंवर मारेकरी घातल्याबद्दल त्याला देहदंड झाला होता. तरीही भाऊंनी नात्यापेक्षा विद्येला महत्त्व दिले.

४/ ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला निजामाचा पराभव झाला. त्या लढाईत इब्राहिमखान आपल्या जुन्या धन्याविरुद्ध मराठ्यांच्या बाजूने लढला. निष्ठेविषयीची शंका त्याने रणातच फेडली. चाकरी मिळाली, विश्वासही मिळाला. अडचण पुढेच होती.

५/ पहिली अडचण पगाराची. मराठी सरदाराला सरंजाम असे. त्या मुलखाच्या उत्पन्नावर तो आपले स्वार पोसत असे आणि वसूल थकला तरी पथक मोडत नसे. गारद्याला जमीन नव्हती, त्याला दरमहा रोख वेतन लागे. कर्जात बुडालेल्या पेशव्यांच्या खजिन्याला हे जड होते. काशीराजाच्या वृत्तांतानुसार, शिपायांच्या पगारासाठी इब्राहिमखान सतत तगादा लावी म्हणून भाऊ त्याच्यावर नाराज असत.

६/ दुसरी अडचण लढण्याच्या रीतीची. मल्हारराव होळकरांसारख्या अनुभवी सरदारांचा भर गनिमी काव्यावर होता. जड तोफखाना आणि पायदळ घेऊन एका जागी अडकणे त्यांना पसंत नव्हते. गारद्यांची रीत नेमकी उलट होती. रांग मोडली की त्यांचे बळ संपे. शिवाय तोफांपुढे मोकळे मैदान हवे आणि बगलेला स्वारांनी जागा धरून राहायला हवे.

७/ म्हणजे नव्या माणसाने आपले काम चोख करणे पुरेसे नव्हते. त्याच्या शेजारच्यांनीही आपली सवय बदलणे आवश्यक होते. ती तालीम स्वारांना कधी मिळालीच नाही. उदगीरनंतर अवघ्या दीड महिन्यात फौज उत्तरेकडे निघाली.

८/ १४ जानेवारी १७६१. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यानंतर पैका आणि रसद दोन्ही आटली होती. काशीराज सांगतो की, त्या सकाळी इब्राहिमखान भाऊंना भेटला. पगाराच्या मागणीमुळे आलेल्या नाराजीची त्याने आठवण करून दिली आणि पगार मिळालेला नसला तरी आज मिठाला जागेन, असा शब्द दिला.

९/ मराठी फौजेच्या डाव्या बाजूला गारदी होते. समोर रोहिले होते. संगिनी रोखून त्यांनी रोहिल्यांची फळी मोडत आणली. मराठी साधनांवर आधारलेल्या मांडणीनुसार, रोहिले मागे हटताना पाहून विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार ठरलेली जागा सोडून पुढे धावले. गारद्यांच्या माऱ्यापुढे आपलेच घोडे आल्याने तोफा थांबवाव्या लागल्या. रोहिल्यांच्या बंदुकांपुढे स्वारांना माघार घ्यावी लागली आणि गारद्यांची बगल उघडी पडली.

१०/ काशीराजाच्या वृत्तांतात हे दोषारोपण नाही. तेथे दमाजी गारद्यांना साथ देताना जखमी होतो. म्हणून सगळा भार विंचूरकरांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. शत्रू हटला की घोडा घालावा, हेच त्यांच्या पिढीचे शौर्य होते. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य होत्या. त्यांना एकत्र बांधणारा कवायती सराव तेवढा झालेला नव्हता.

११/ गारद्यांची बहुतेक पथके कापली गेली. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि अब्दालीच्या ताब्यात काही दिवसांतच मरण पावला. विठ्ठल शिवदेव वाचून परतले. त्याच रणातून जखमी होऊन परतलेला आणखी एक तरुण होता: महादजी शिंदे.

१२/ १७८४ मध्ये महादजींनी बन्वा द बॉइन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला चाकरीत घेतले. फ्रान्सची आयरिश पलटण, रशियाची फौज आणि कंपनीची मद्रासची फौज असा त्याचा अनुभव होता. सुरुवात दोनच पलटणींनी झाली. पुढे महादजींनी पगाराचा प्रश्न मुळापासून सोडवला. अलीगढच्या आसपासचा दुआबातील मुलूख पलटणींच्या खर्चासाठी द बॉइनच्या हवाली केला. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याचे विजय या फौजेने मिळवून दिले.

१३/ एक गोष्ट मात्र राहून गेली. वरच्या अधिकाराच्या जागा युरोपीयांकडेच राहिल्या. त्यांची विद्या एतद्देशीय अधिकाऱ्यांत पुरेशी मुरली नाही. १८०३ मध्ये युद्ध पेटताच वेलस्लीने शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यांना आमिष दाखवून फोडले. मुख्य सेनापती पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. लासवारीला शिंद्यांचे शिपाई प्राणपणाने लढले, पण त्यांचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी आधीच निघून गेले होते.

१४/ इब्राहिमखानाला चाकरी मिळाली, पण नियमित वेतन आणि शेजाऱ्यांची साथ मिळाली नाही. द बॉइनला दोन्ही मिळाले, पण त्याची विद्या त्याच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. परक्या तालमीचा गुणी माणूस दारी येतो तेव्हा त्याला कामावर ठेवणे ही केवळ सुरुवात असते. त्याला उभे राहू देणे आणि त्याच्याकडून शिकणे ही पुढची दोन कामे. पानिपतावर पहिले राहिले, लासवारीपर्यंत दुसरे.