किल्ल्यांत नसलेली सतार

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यांत १६ सप्टेंबर १९४३ रोजीं एका राजबंद्यानें एक लांबलचक पत्र लिहिलें. पत्राचा विषय संगीत हा होता. लिहिणाऱ्याजवळ त्या वेळीं वाद्य नव्हतें, साथीदार नव्हता, आणि लिहिलेलें पत्र मित्राकडे धाडण्याची सोयहि नव्हती. तरीहि तरुणपणीं आपल्याला सतारीचा नाद कसा लागला, ती कोणाजवळ शिकावी लागली आणि शेवटीं ती हातची कशी सुटली, ही सारी हकीकत त्यानें निवांतपणें लिहून काढली. हे गृहस्थ म्हणजे त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. राजकारणी पुरुष म्हणून व धर्मपंडित म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. सतारीचे विद्यार्थी म्हणून त्यांची ओळख फार थोड्यांना आहे.

आज ज्या शहराचें नांव अहिल्यानगर आहे, त्या शहराच्या या किल्ल्याला अशा आठवणी अगदींच परक्या नाहींत. हुसेन निजामशहानें १५५९ पासून पुढें तो दगडांत बांधून काढला आणि १५९५-९६ मध्यें चांदबिबीनें मोंगलांच्या वेढ्याविरुद्ध तो लढविला. ही चांदबिबी सतार वाजवीत असे, अशी परंपरागत कथा आहे. आज जिला सतार म्हणतात तिला अठराव्या शतकांत दिल्लीस आकार आला. तेव्हां कथेंतील वाद्य खरें असलेंच तर तें दुसरें कांहीं तरी तंतुवाद्य असलें पाहिजे. पण किल्ला लढविणाऱ्या स्त्रीच्या हातीं लोकांनीं तलवारीबरोबर तारांचें वाद्यहि दिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईस काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांना आगगाडीनें अहमदनगरास आणण्यांत आलें. आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव असे बारा जण या किल्ल्यांत एकत्र राहिले. प्रत्येकानें बंदिवासाचे दिवस काढण्याची आपापली तऱ्हा शोधली. नेहरूंनीं फुलझाडें लावलीं, आणि पुढें १९४४ मध्यें एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेंच लिहिला. आझाद भल्या पहाटे उठत, आपल्या हातानें चहा करीत आणि हबीब-उर-रहमान खान शेरवानी या विद्वान् स्नेह्याला उद्देशून उर्दूंत पत्रें लिहीत. तीं पत्रें १९४६ मध्यें ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं.

या पत्रांत एक पत्र ११ एप्रिल १९४३ चें आहे. त्याच्या दोनच दिवस आधीं कलकत्त्यास आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम दीर्घ आजारानें निवर्तल्या होत्या. भेटीसाठीं कांहीं विनंती करावयाची असल्यास ती सरकारकडे पोंचवूं, असें तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें सुचविलें होतें. परंतु ज्या सरकारशीं झगडा त्याच्याजवळ याचना करणें आझादांच्या स्वभावांत बसलें नाहीं. किल्ल्याच्या त्या आवारांत कोणा अनामिकाची एक जुनी कबर होती. दुःखाची वार्ता आल्यावर आपली दृष्टि पुन्हां पुन्हां त्या कबरीकडे वळते, एवढेंच त्यांनीं लिहिलें. संगीतावरील पत्र यानंतर पांच महिन्यांनीं लिहिलेलें आहे. तें वाचतांना हा क्रम विसरून चालत नाहीं.

आतां या पत्रांतील हकीकतीकडे वळावयाचें, तर चाळीस वर्षें मागें, कलकत्त्यास जावें लागतें. आझादांचा जन्म १८८८ मध्यें मक्केस झाला. बालपण कलकत्त्यास गेलें. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे पीर. त्यांचे शिष्य दूरदूर पसरलेले. घरांतील शिस्त कडक होती आणि मुलाचें सारें शिक्षण घरींच झालें. सोळाव्या वर्षाच्या आंत त्यानें परंपरागत धर्मविद्येचा अभ्यासक्रम पुरा केला होता. अशा घरांत गाण्या-बजावण्याला थारा मिळण्याचा संभवच नव्हता.

पण पुस्तकांना मात्र मज्जाव नव्हता. खुदाबक्ष नांवाच्या एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानीं हा मुलगा जात असे. तेथें एकदां त्याच्या हातीं ‘रागदर्पण’ या फारसी ग्रंथाची सुंदर हस्तलिखित प्रत आली. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंग तोमराच्या काळांतील ‘मानकुतूहल’ या संगीतग्रंथाचा हा अनुवाद. त्यांत अनुवादकानें स्वतःचीहि भर घातलेली. अनुवादक फकीरुल्ला सैफखान हा औरंगजेबाचा सरदार होता. ज्या बादशहानें दरबारांतील गवयांना रजा दिली म्हणून ख्याति आहे, त्याच्याच कारकीर्दींत, १६६६ च्या सुमारास, त्याच्याच सरदारानें हा ग्रंथ सिद्ध केला; आणि तो बादशहा १७०७ मध्यें मरण पावला तो अहमदनगरजवळच, भिंगारच्या छावणींत. ज्या ग्रंथामुळें आझाद सतारीकडे वळले, त्याची आठवण त्यांनीं त्याच भूमीवर बसून लिहावी, हा योगायोग मोठा विलक्षण खरा.

मुलगा पोथी चाळीत असतां डेनिसन रॉस हे इंग्रज पंडित तेथें आले. ते कलकत्त्याच्या मदरशाचे प्राचार्य होते आणि फारसी बोलण्याची त्यांना हौस होती. एवढासा मुलगा फारसी हस्तलिखित वाचीत आहे हें पाहून त्यांना नवल वाटलें. हिंदी संगीत हा विषय अवघड आहे, यांतलें तुला समजतें काय, असें त्यांनीं विचारलें. ग्रंथ लिहिलेले असतात ते वाचून समजण्यासाठींच, या अर्थाचें ताठ उत्तर मुलानें दिलें. रॉस हंसले, एका पानावर बोट ठेवून म्हणाले, मग याचा अर्थ सांग पाहूं. पानावर रागिण्यांच्या वर्गीकरणाचें विवेचन होतें. मुलानें शब्द घडाघडा वाचले. अर्थ मात्र कांहींच लागेना. तो खालीं मान घालून गप्प राहिला.

शब्द येतो आणि वस्तु येत नाहीं, ही लाज पंडिताच्या मुलाला फार झोंबली. तिच्यावर उपाय पुस्तकांत नव्हता. मूळचा सोनपतचा, पिढीजात गवई असलेला मसीताखान नांवाचा एक इसम त्या काळीं कलकत्त्यास होता आणि भक्तिभावानें मौलाना खैरुद्दिनांकडे येत असे. मुलानें त्याला गांठलें. वडिलांना कळूं न देतां घराबाहेर दुसऱ्या ठिकाणीं शिकवणी सुरू झाली. येथें नात्याची मोठी उलटापालट झाली. जो वडिलांपुढें शिष्य म्हणून हात जोडून बसे, त्याच्यापुढें आतां मुलगा शिष्य म्हणून बसूं लागला.

सतार शिकणें म्हणजे काय, याची ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्रांत सतार म्हटली कीं मिरज आठवतें. तेथील शिकलगार हे मूळचे हत्यारांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकांत तलवारीचा व्यवसाय बसला तेव्हां ते भोपळ्यांकडे आणि तारांकडे वळले. अशी सतार मांडीवर घेतली कीं उजव्या हाताच्या तर्जनींत तारेची नखी चढवावयाची, आणि तिच्या आघातानें ‘दा’ आणि ‘रा’ हे दोन बोल काढावयाचे. एक आघात आंतल्या बाजूस, दुसरा बाहेरच्या. हे दोन जलद जोडले कीं ‘दिर’ होतो. एवढ्याच भांडवलावर उजव्या हाताचा सारा संसार चालतो. डाव्या हाताचें काम याहून कष्टाचें. तर्जनी व मध्यमा पडद्यांवरून धांवतात. मींड घेण्यासाठीं तार पडद्यावरच बाजूला खेंचावी लागते. पहिले कित्येक दिवस तार बोट कापते, मग घट्टा पडतो, आणि घट्टा पडल्यावरच सूर मोकळा होऊं लागतो.

हात एवढा तयार झाला कीं विद्यार्थ्यापुढें गत येते. विलंबित गतींत सर्वांत प्रसिद्ध ती मसीतखानी. अठराव्या शतकांतील दिल्लीच्या मसीतखानाच्या नांवानें ती चालते. हा मसीतखान निराळा आणि आझादांचा गुरु मसीताखान निराळा. नांवाच्या सारखेपणानें घोटाळा होऊं नये. तीनतालाच्या सोळा मात्रांत ही गत बाराव्या मात्रेपासून उठते: दिर दा दिर दा रा, आणि समेवर येते ती दा दा रा. हेच आठ मात्रांचे बोल पुन्हां एकदां घेतले कीं आवर्तन पुरें होतें. कागदावर हें अर्ध्या ओळींत मावतें. पण बाराव्या मात्रेला बिनचूक उठून समेवर सहज येण्याला महिने लागतात. आणि जुन्या उस्तादांच्या वादनाचें वजन त्यांत यावयाचें, तर वर्षें लागतात. विद्यार्थी तीच गत शेंकडों वेळां वाजवितो. आरंभीं तो बोल मोजतो, पुढें बोट मोजतें, आणि एके दिवशीं मोजणेंच थांबतें. रॉसनें ज्या पानावर बोट ठेवलें होतें, त्या पानाचा अर्थ या वाटेनेंच लागण्यासारखा होता.

याच सुमारास इकडे काय घडत होतें तें पाहिलें म्हणजे आझादांच्या चोरट्या शिकवणीचें मर्म अधिक उमगतें. विष्णु नारायण भातखंडे यांनींहि संगीताचा अभ्यास मुंबईस वल्लभदासांजवळ सतार शिकून सुरू केला होता. ग्रंथांचा आणि हस्तलिखितांचा धांडोळा त्यांनीं घेतला तो नंतर. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें आणि सभ्य घरच्या मुलांना उजळ माथ्यानें गाणें शिकण्याची वाट करून दिली. त्याच दशकांत कलकत्त्याच्या एका पीराच्या मुलाला मात्र नखी खिशांत लपवावी लागत होती. गवयाची विद्या ऐकावी, पण घरांत आणूं नये, हा दंडक हिंदूंच्या घरांत काय आणि मुसलमानांच्या घरांत काय, सारखाच होता. तो मोडण्याच्या तऱ्हा तेवढ्या निरनिराळ्या होत्या.

चार-पांच वर्षें हा अभ्यास चालला. या काळांतील एक आठवण आझादांनीं फार जिव्हाळ्यानें लिहिली आहे. आग्र्यास गेले असतां ते रात्रीं सतार घेऊन ताजमहालाकडे जात आणि यमुनेच्या बाजूच्या चौथऱ्यावर बसून वाजवीत. चांदणें उतरणीला लागलेलें, समोर नदी, पाठीशीं संगमरवरी घुमट. ऐकणारा कोणी नाहीं. जी विद्या घरांत चोरून घ्यावी लागली, तिला पहिलें मोकळें आंगण तेथें मिळालें.

पुढें ‘अल्-हिलाल’ हें पत्र निघालें, राजकारण आलें, तुरुंग आले. सतार सुटली ती सुटलीच. आपला हेतु वादक होण्याचा नव्हता, या प्रांतीं मन परकें राहूं नये एवढाच होता, असा खुलासा आझादांनीं केला आहे. मात्र सतार सुटल्यावरहि बोटावरील नखीचा वण फार दिवस गेला नाहीं, हें सांगावयास ते विसरले नाहींत. वण गेला तरी कान राहिला. कैरोस ऐकलेलें अरबी गायन, औरंगजेबाच्या तारुण्यांतील झैनाबादीची कथा, धर्मशास्त्र आणि संगीत यांचा संबंध, हें सर्व त्या एका पत्रांत येतें. आणि जीवनांतील इतर सुखांवांचून आपलें चालेल, संगीतावांचून चालणार नाहीं, असा त्याचा सूर आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर पांच महिन्यांनीं, जेथें एकहि तार छेडतां येत नव्हती तेथें बसून, त्यांनीं हें लिहिलें. सरकारनें त्यांच्या भोंवतीं खंदक, तट आणि पहारे ठेवले होते. पण मसीताखानानें जें दिलें होतें त्याची झडती घेणें कोणाच्या हातीं नव्हतें.

एखादा म्हणेल, जी विद्या अर्ध्यावर टाकली तिचा एवढा बडिवार कशाला? या प्रश्नाचें एक उत्तर आझादांच्या उत्तरायुष्यानें दिलें आहे. १९४५ मध्यें ते सुटले; स्वातंत्र्यानंतर देशाचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९५८ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकीर्दींत २८ जानेवारी १९५३ रोजीं दिल्लीस संगीत नाटक अकादमीचें उद्घाटन झालें आणि गवयाच्या विद्येला राष्ट्राच्या दरबारांत मानाचें आसन मिळालें. ज्या मुलाला सतार वडिलांच्या अपरोक्ष शिकावी लागली होती, त्याच्या अमदानींत हें घडलें.

किल्ल्यांतील राजबंद्यांच्या खोल्या जतन करून ठेवल्या आहेत. पाहणारा तेथें नेहरूंचा ग्रंथ आठवतो, बेचाळीसची चळवळ आठवतो, आणि तें योग्यच आहे. त्यानें तेथें घटकाभर थांबून १६ सप्टेंबर १९४३ चा तो दिवसहि आठवावा. त्या दिवशीं या भिंतींच्या आंत कोणतेंहि वाद्य वाजलें नाहीं. पन्नाशी उलटलेला एक मनुष्य आपल्या गवई गुरूचें नांव तेवढें आदरानें कागदावर लिहीत होता.