जुन्या कारला नवे टायर घेताय? आधी साइज, तारीख आणि ऊन-पावसाचा हिशेब पाहा

पांढरकवडा : केळापूर तालुक्यासह झरी जामणी, घाटंजी, मारेगाव, राळेगाव भागात दहा-बारा वर्षे जुन्या डिझायर, इटिऑस, इंडिगो, ॲसेंट अशा सेडान गाड्या अजूनही रोज रस्त्यावर दिसतात. पेशंटला यवतमाळच्या मेडिकलमध्ये न्यायचे असो, नागपूरला जायचे असो की लग्नाला, घरची एकच गाडी सगळीकडे धावते. इंजिन ठणठणीत असते, पण टायर गोटे झालेले असतात. चार टायर एकदम घ्यायचे म्हटले की खिशाला मोठी चाट बसते. मग कुणी सेकंड हँड टायर टाकतो, कुणी दुकानात पडून असलेला स्वस्तातला उचलतो. पैसे तिथेच वाया जातात, आणि हायवेवर टायर फुटला तर जिवावर बेतते.

कमी पैशांत चांगला टायर निवडणे अवघड नाही. टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचता आले की निम्मे काम झाले.

‘ऑल सीझन’ म्हणजे नेमके काय?

युरोप, अमेरिकेसारख्या थंड देशांत उन्हाळ्याचे आणि बर्फाचे टायर वेगळे असतात. बर्फाच्या टायरचे रबर मऊ असते. तापमान ७ अंशांच्या खाली गेले तरी ते कडक होत नाही. दोन्ही ऋतूंत चालणाऱ्या टायरला तिकडे ‘ऑल सीझन’ म्हणतात.

आपल्याकडे बहुतेक कारचा एकच टायर बाराही महिने चालतो. त्यामुळे ‘साहेब, हा ऑल सीझन आहे’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर भुलू नये. आपल्या भागातला टायर दोन परीक्षांत पास झाला पाहिजे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर तो तापून फुटू नये. आणि जून ते सप्टेंबर ओल्या रस्त्यावर व काळ्या मातीच्या चिखलात त्याने पकड सोडू नये.

साइज : गाडीच्या नावावरून नको, स्टिकर पाहून

टायरच्या बाजूवर १७५/६५ आर १४ ८२ टी असे इंग्रजीत लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा :

- १७५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ६५ : टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के.
- आर १४ : रेडियल टायर, १४ इंची रिमसाठी.
- ८२ : एक टायर किती वजन पेलतो त्याचा अंक. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो.
- टी : वेगाची मर्यादा. टी म्हणजे ताशी १९० किमी, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०.

एकाच नावाच्या गाडीलाही मॉडेलप्रमाणे वेगळा टायर असतो. २०१२ च्या डिझायरमध्ये खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४, तर वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येत होता. म्हणून दुकानदाराला नुसते ‘डिझायरचा टायर द्या’ सांगू नये. ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेले स्टिकर किंवा गाडीचे पुस्तक पाहून साइज सांगावी. जुन्या मालकाने भलताच टायर टाकलेला असू शकतो, म्हणून गाडीला सध्या जो आहे तोच बरोबर असे धरू नये.

रिम १४ इंचीच आहे म्हणून कोणताही १४ इंची टायर चालतो, हा मोठा गैरसमज आहे. १६५/८० आर १४ च्या जागी १७५/६५ आर १४ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ३६ मिमी कमी होतो. गाडी जमिनीकडे १८ मिमी खाली येते. पांदण रस्त्यावर आणि उंच गतिरोधकावर गाडीचे पोट घासू लागते. शिवाय मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९४ च्या आसपास धावत असते.

वजनाचा अंक कंपनीने दिल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नये. पाच माणसे बसली आणि डिक्कीत डीएपीच्या चार पिशव्या टाकल्या की २०० किलो वाढलेच. गाडीची स्वतःची क्षमता तर त्याआधीच संपलेली असते.

तारीख : चार आकडे वाचा, मगच पैसे द्या

टायरच्या बाजूवर इंग्रजीत ‘डीओटी’ ही अक्षरे आणि पुढे एक लांब नंबर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात. बाहेरून दिसले नाहीत तर आतली बाजू पाहावी.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन, हवा, उष्णतेने ते कडक होते आणि बारीक चिरा पडतात. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत दिसली तरी काढून टाकावा, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. हाच नियम डिक्कीतल्या स्टेपनीलाही लागू आहे. दहा-बारा वर्षांच्या गाडीची मूळ स्टेपनी ‘नवीकोरी’ दिसते, पण ती गाडीइतकीच जुनी असते.

नवा टायर घेताना शक्यतो सहा महिन्यांच्या आतला मागावा. वर्ष उलटलेला असेल तर दर कमी करायला लावावा. तीन वर्षे गोदामात पडलेला टायर ‘नवा’ म्हणून घेऊ नये. ऑनलाइन मागवला असेल तर बसवण्याआधी तारीख पाहावी. एकदा रिमवर चढला की परत करणे कठीण.

बदलायची वेळ झाली हे कसे ओळखायचे?

टायरच्या खाचांमध्ये आडव्या बारीक पट्ट्या असतात. बाजूला छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही इंग्रजी अक्षरे जिथे असतील, त्याच रेषेत त्या सापडतात. रबर झिजून या पट्टीच्या बरोबरीला आले म्हणजे खाच १.६ मिमी उरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची खाच यापेक्षा कमी चालत नाही. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर एवढी थोडी खाच उरली असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. पाणी बाहेर फेकायला जागाच राहत नाही आणि वेगात गाडी पाण्यावर तरंगू लागते.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाल्यानंतर वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली होती. १५ वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी वाढवताना आरटीओच्या तपासणीतही टायरची हालत पाहिली जाते.

झिजण्याची पद्धत पाहिली तर गाडीचा आजारही कळतो :

- दोन्ही कडा झिजल्या : हवा कायम कमी होती.
- फक्त मधला भाग झिजला : हवा जास्त होती.
- एकच कड झिजली : अलाइनमेंट बिघडली आहे.
- जागोजागी खड्डे पडले : बॅलन्सिंग किंवा शॉकअपचे काम आहे.

जुन्या गाडीत बुश, बॉल जॉइंट ढिले झालेले असतात. ते तसेच ठेवून नवे टायर टाकले तर काही हजार किलोमीटरमध्येच पुन्हा कड खाल्ली जाते. आधी ते काम, मग टायर.

ऊन, पाऊस आणि काळी माती

काही टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर असे तीन शब्द इंग्रजीत असतात. टेम्परेचरपुढे ए, बी किंवा सी असते. उष्णता सहन करण्यात ए सर्वांत चांगला. आपल्या उन्हाळ्यासाठी ए मिळाला तर उत्तम. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरची पकड. त्यात एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा जास्त म्हणजे टायर जास्त टिकणार, पण ही तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये करावी.

नक्षी निवडताना सरळ, खोल आणि रुंद खाचा पाहाव्यात. त्या पाणी लवकर बाहेर काढतात. फार बारीक नक्षीत काळी माती भरून बसते. मात्र चिखलासाठी म्हणून जीपसारखी जाड नक्षी सेडानला लावू नये. डांबरी रस्त्यावर आवाज वाढतो आणि मायलेज पडते.

वावराच्या रस्त्यावर बाभळीचा काटा, पराटीचे खुंट, धुऱ्यावरचा दगड हे रोजचेच. ट्यूबलेस टायरची हवा काटा लागला तरी एकदम जात नाही, म्हणून तो बरा. पण रिमही ट्यूबलेसचीच हवी. जुन्या लोखंडी रिमला गंज चढला असेल तर कडेने हवा गळते. रिम घासून साफ करून घ्यावी आणि नव्या टायरसोबत वॉल्वही नवा टाकावा. टायरच्या बाजूला चीर पडली किंवा फुगा आला तर त्यावर पंक्चर काढणे हा इलाज नाही. तो टायर बदलावाच लागतो.

हवेचा फुकटातला इलाज

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाही तर टायर फुटेल’ असे अनेक जण सांगतात. खरे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, रबर आतून तापते आणि फुटण्याचा धोका वाढतो. दारावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिली असेल तेवढीच हवा ठेवावी. टायरवर छापलेला हवेचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. लांब पल्ला धावून आलेल्या गरम टायरची हवा सोडू नये.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासणे जास्त कामाचे.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

टायरची किंमत किलोमीटरवर मोजावी. समजा ४,००० रुपयांचा नवा टायर ४०,००० किमी चालला, तर किलोमीटरला १० पैसे पडले. १,५०० रुपयांचा जुना टायर १०,००० किमीच चालला, तर १५ पैसे पडले. स्वस्त कोणता, हे हिशेबच सांगतो. शिवाय जुना टायर आधी कुठे आपटला, आतल्या तारा तुटल्या का, हे बाहेरून दिसत नाही.

गोटा टायर कोरून त्यात नव्या खाचा पाडून विकतात, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. आधीच पातळ झालेले रबर आणखी पातळ होते. ट्रक-बसच्या टायरवर नवे रबर चढवतात, ते पाहून कारचा टायर तसा करून घेऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. मूळ किंमत ३,५०० रुपये असेल तर आधी ४,४८० रुपये लागत, आता ४,१३० लागतात. म्हणजे टायरमागे ३५० रुपयांची बचत. दुकानदार जुनाच दर सांगत असेल तर बिलावरचा कर पाहावा.

चारचे बजेट नसेल तर दोन घ्यावेत, पण एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच साइजचे आणि एकाच नक्षीचे हवेत. नवे दोन मागे बसवावेत. पुढे गाडी घसरली तर वेग कमी करून आवरता येते. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी गरकन फिरते आणि स्टिअरिंग हाती राहत नाही.

महागडा ब्रँडच पाहिजे असे नाही. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, गुडइयर, ब्रिजस्टोन यांचे साध्या वापराचे टायर जुन्या सेडानला पुरेसे आहेत. टायरवर आयएसआयचा शिक्का असावा. कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे. परदेशी टायरलाही हा शिक्का लागतो.

बिल आणि विमा

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा. वॉरंटी मागताना तोच कामी येतो. नुसता टायर फुटला तर साध्या विम्यातून भरपाई मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले तरच मिळते, तीही टायरच्या ५० टक्क्यांपर्यंत.

दुकानात जाण्याआधी हे लक्षात ठेवा

- दारावरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून न्या.
- टायरची साइज, वजनाचा अंक आणि वेगाचे अक्षर जुळवा.
- चार आकडी तारीख स्वतः वाचा.
- बसवणे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, वॉल्व धरून एकूण दर विचारा.
- दोन-तीन दुकानांत तोच टायर, त्याच तारखेचा धरून दर काढा.
- स्टेपनीची तारीख आणि हवा त्याच दिवशी पाहून घ्या.
- दर ८ ते १० हजार किमीला टायरची पुढे-मागे अदलाबदल करा.
- खरेदी उन्हाळ्याआधी किंवा उशिरात उशिरा मृगाच्या आधी उरका. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि माती एक होते. गोटे टायर घसरतात ते तेव्हाच.