2006 चा नकाशा आठवतोय?

डोंगर कापला, शेत बुजवलं की आपण फेसबुकवर फोटो टाकतो, संताप व्यक्त करतो आणि दोन दिवसांत विसरतो. म्हणून आज थोडा इतिहास. वीस वर्षांपूर्वीचाच, पण नव्या पिढीतल्या कित्येकांना ठाऊक नाही.

ऑगस्ट 2006 मध्ये गोव्याचा प्रादेशिक आराखडा 2011 अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उघडून बघितले आणि हबकलेच. काल जिथे डोंगर, भाटं, किनारपट्टीवरची मोकळी जमीन होती, तिथे सेटलमेंटचा रंग. म्हणजे उद्या रिसॉर्ट, बंगले, मेगा प्रोजेक्ट यांना रस्ता मोकळा. आधीच आपलं राज्य केवढं? 3,702 चौरस किलोमीटर. त्यातलं किती विकणार?

डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं. डॉ. ऑस्कर रिबेलो निमंत्रक होते. डॉक्टर, वास्तुविशारद, शेतकरी, कलाकार, ख्रिस्ती, हिंदू, सगळे एकत्र आले. पणजीचं आझाद मैदान भरलं. जानेवारी 2007 मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांना आराखडा मागे घेत असल्याचं जाहीर करावं लागलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरं महत्त्वाचं पुढे आहे.

आराखडा रद्द झाला, मग त्या जागी काय? नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. गावातल्या माणसालाही घर बांधायचं असतं, पर्यटनावर हजारो कुटुंबं जगतात. म्हणून टास्क फोर्स बसला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया त्यात होते. मसुद्याचे नकाशे पंचायतींकडे गेले, ग्रामसभांतून हजारो सूचना आल्या. कुठे नाला, कुठे देवराई, हे गावाने सांगितलं. त्यातून आराखडा 2021 तयार झाला. जंगलं, खाजनं, भातशेती आणि उभे उतार इको-1 मध्ये. बागायती वगैरे इको-2 मध्ये. दोन्ही मिळून राज्याची जवळपास 80 टक्के जमीन. उरलेल्या भागात बांधा.

हाच तो मधला मार्ग होता. विकासाला विरोध नाही, पण कुठे होणार नाही ते आधीच ठरलेलं.

असंच किनाऱ्यावर घडलं. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे किनारे कासवांच्या प्रजननासाठी राखीव म्हणून नोंदले गेले. मोरजीत तर गावातली माणसं त्याआधीच वनखात्याबरोबर अंडी राखत होती. पर्यटन सुरूच राहिलं, पण कासवाची जागा ठरली.

मग अडलं कुठे? 2012 मध्ये सरकार बदललं आणि आराखडा 2021 थंड बस्त्यात गेला. 2018 मध्ये तो बाहेर निघाला, पण त्याच वर्षी कायद्यात 16बी हे कलम आलं: अर्ज करा, झोन बदलून घ्या. 2023 मध्ये 17(2) आलं, आराखड्यातल्या ‘नजरचुका’ दुरुस्त करायला. नजरचूक म्हणजे काय, तर भातशेत आणि बागायत! मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले. तोवर 16बी जाऊन 39ए आलेलंच होतं. पुन्हा तेच: अर्ज करा, झोन बदला. हरकतीला जेमतेम 30 दिवस.

बघा, 2006 मध्ये अख्खा नकाशा एकदम बदलला, म्हणून सगळा गोवा एकदम रस्त्यावर आला. आता एकेक सर्वे नंबर बदलतो. एकाच गावाला कळतं, तेही बुलडोझर आल्यावर.

आंदोलनाने आराखडा पाडता येतो, हे आपण दाखवलं. पण मिळवलेला तोडगा राखायला रोजची नजर लागते, तिथे आपण कमी पडलो. दोष नुसता सरकारचा नाही. जमीन विकणाऱ्यांतही आपलीच माणसं आहेत.

म्हणून एवढंच करा. गावाचा 2021 चा नकाशा काढून पंचायतीत लावा. 39ए च्या नोटिसा दर आठवड्याला बघायला दोन तरुण नेमा. आपल्या गावचा सर्वे नंबर दिसला की 30 दिवसांच्या आत हरकत द्या आणि ग्रामसभेत ठराव घ्या.

तुमच्या गावात कुणी हे करतंय का? खाली लिहा, बाकीच्यांनाही कळू दे.