दर तीन दिवसांनी

काही महिन्यांपूर्वी एक छोटी पुस्तिका मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. सुंता झालेल्या पुरुषांनी शस्त्रक्रिया न करता, उरलेली त्वचा वर्षानुवर्षं हलकेच ताणून अग्रत्वचेसारखं आवरण कसं तयार करावं आणि त्या काळात त्वचेची निगा कशी राखावी, हा तिचा विषय. मजकूर सरळ होता. दुखेल इतकं ताणू नका. लाली, भेग किंवा फोड दिसला तर ताण थांबवा आणि त्वचा पूर्ण बरी होऊ द्या. चिकटपट्टी खेचून काढू नका, तेलानं सैल करून काढा. सुगंधी साबण टाळा. रात्री विश्रांती द्या.

अडलो ते शब्दांपाशी. 'सुंता' हा शब्द अरबी 'सुन्नत'वरून आला आणि मराठीत रुळला. पण जे कापलं जातं त्याला घरात, बाजारात, दवाखान्यात उच्चारता येईल असं नाव आपण ठेवलेलं नाही. एकतर शिवी, नाहीतर 'तिथली कातडी'. ज्याला शब्द नाही त्याची काळजी कशी घ्यायची, हा प्रश्न भाषेचा वाटतो खरा; पण भेग पडल्यावर महिनाभर डॉक्टरकडे न जाणाऱ्या माणसाला तो फार जवळून माहीत असतो.

तंजावरात मराठी अनुवादक अडला की सरस्वती महालाकडे वळतो. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी इथं मराठी सत्ता आणली. त्यांच्या वंशातले दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहात राज्यकारभार गेला; उरला राजवाडा, ग्रंथालय आणि अपार कुतूहल. याच राजानं १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. याच राजानं 'धन्वंतरी महाल' चालवला. तिथं देशी वैद्यकाबरोबर युरोपीय वैद्यकालाही जागा होती. नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. अनुभवाला उतरलेली औषधं तमिळ पद्यात बांधून घेतली गेली; 'सरभेंद्र वैद्य' या नावानं ती पुढे रोगवार छापली गेली. 'सरभेंद्र' म्हणजे सरफोजीच. मराठी राजा, संस्कृत शास्त्र, तमिळ कविता: औषध रुग्णापर्यंत पोचायचं तर ते रुग्णाच्या भाषेत यायला हवं, हे या दरबारानं ओळखलं होतं.

त्या वैद्यकाच्या मुळाशी असलेली सुश्रुतसंहिता पुन्हा उघडली आणि शब्द सापडले. क्षुद्ररोगांच्या प्रकरणात सुश्रुतानं शिश्नाच्या चर्माचे तीन विकार वेगळे केले आहेत. चर्म मागे सरकून अडकतं, ती परिवर्तिका. चर्म फाटतं, ती अवपाटिका. चर्माचं तोंड आवळून मूत्रमार्ग कोंडतो, तो निरुद्धप्रकश. 'क्षुद्र' म्हणजे तुच्छ नव्हे, किरकोळ गटातले. सांगताना ग्रंथकार कुठेही लाजत नाही, की चवीनंही सांगत नाही.

उपचार वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. परिवर्तिकेत तूप चोळायचं, शेक द्यायचा, मग पुन्हा स्नेह लावून चर्म हळूहळू पुढे आणायचं आणि मणी दाबून आत घ्यायचा. चर्म जागेवर आलं की तीन किंवा पाच रात्री उबदार लेपांनी बांधून शेकायचं, खायला स्निग्ध अन्न द्यायचं. (आजचं वैद्यक या स्थितीला तातडीची मानतं. चर्म अडकून सूज आली तर घरी तूप न चोळता लगेच रुग्णालय गाठावं.) निरुद्धप्रकशात लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी तूप लावून आत बसवायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालायची. नाहीच जमलं तर शिवण वाचवून छेद द्यायचा आणि ताज्या जखमेसारखी काळजी घ्यायची.

सुश्रुत इथं असलेलं चर्म जागेवर आणतो किंवा सैल करतो. गेलेलं परत वाढवत नाही. पण हाच 'दर तीन दिवसांनी' त्याच्या ग्रंथात आणखी एका ठिकाणी येतो: कानाच्या प्रकरणात. कान टोचल्यावर दर तीन दिवसांनी जाड वात घालायची. फाटलेली पाळी जोडली असेल तर मात्र घाई करायची नाही. सांधा पक्का झाला, केस उगवले, पाळी सम आणि स्थिर झाली, वेदना उरली नाही, की मगच तो कान सावकाश वाढवायचा. वाढवताना अभ्यंगासाठी प्राण्यांची वसा, दूध, तूप, पांढऱ्या मोहरीचं तेल. म्हणजे इथं त्वचा खरोखरच वाढवली जात होती. तमिळ मुलखाला हे पोथीतून शिकावं लागलं नाही. खांद्याला टेकणाऱ्या पाळ्यांत जड 'पाम्बडम' घालणाऱ्या म्हाताऱ्या दक्षिणेकडच्या गावांत अगदी अलीकडेपर्यंत दिसत. ती लांबी एका दिवसाची नव्हे, वर्षांची.

सततच्या हलक्या ताणानं त्वचेच्या पेशी विभागतात आणि नवी त्वचा तयार होते, हे विसाव्या शतकातल्या शल्यविशारदांनी पद्धतशीर वापरात आणलं. भाजलेल्या जागेशेजारी त्वचेखाली फुगा ठेवून तो आठवड्या-आठवड्यानं फुगवायचा आणि वाढलेली त्वचा जखमेवर ओढायची. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून सुंता झालेल्या पुरुषांच्या गटांनी तेच तत्त्व फुग्याशिवाय, हातांनी आणि पट्ट्यांनी वापरलं. वाढते ती त्वचा. कापलेल्या भागातले मज्जातंतू परत येत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

इच्छा मात्र जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जेरुसलेममध्ये ग्रीक व्यायामशाळा उभी राहिली, तेव्हा काही यहुद्यांनी सुंतेची खूण मिटवली, असं मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात म्हटलं आहे. रोमन लेखक सेल्ससनं पहिल्या शतकात त्यासाठीची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. एकाच खुणेनं कुणी आपला ठरतो, कुणी परका. म्हणून ती ठेवण्याचीही आणि पुसण्याचीही किंमत मोजावी लागते.

गेलेली त्वचा परत मिळवण्याची एक कथा मराठी माणसाचीही आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याकडच्या एका कारागिरानं, इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आलं आणि युरोपचं डोकं चक्रावलं. नाकासाठी जगानं आश्चर्य केलं, कारण नाक सगळ्यांना दिसतं. जे झाकलेलं असतं त्याच्या दुखण्याला प्रेक्षक नसतात. म्हणून तर त्याला शब्द हवेत.

पुस्तिकेत शेवटी मी 'अग्रत्वचा' हाच शब्द ठेवला, पहिल्या पानावर एका वाक्यात त्याचा अर्थ सांगून. अवपाटिका, परिवर्तिका वापरायचा मोह झाला, पण आवरला: रात्री अकराला मोबाईलवर वाचणाऱ्या घाबरलेल्या पोराला संस्कृत नको, 'भेग' हवी. सुश्रुताकडून घेतला तो शब्द नाही, स्वर घेतला. तूप, शेक, तीन रात्री, मग पुढची पायरी. घाई नाही, हसू नाही, दोष नाही. आणि सगळ्यात आधी तीच अट: वेदना उरली नसेल तरच सावकाश वाढवा.