डार्वेनच्या गिरणीतल्या बाया आणि आपला कापूस

मंडळी, आज जरा लांबचं गाव सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

डार्वेन. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला असलेलं छोटं गाव. उत्क्रांतीवाल्या डार्विनचा याच्याशी काही संबंध नाही. त्याच नावाच्या नदीच्या खोऱ्यात, दोन्ही बाजूंच्या उजाड माळाच्या डोंगरांमध्ये ते वसलंय. वस्ती आजही तीसेक हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. हवा दमट, पाऊस भरपूर. अशा हवेत सूत कमी तुटतं, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे गिरण्यांची रांगच उभी राहिली. या गिरण्यांचा कापूस बाहेरून यायचा आणि कापड बाहेर जायचं. ब्लॅकबर्न-डार्वेनच्या मागांवर निघणाऱ्या साध्या कापडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपण होतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात बाजारात जी 'मँचेस्टरची धोतरं' मिळायची, ती अशाच गावांमध्ये विणली जात.

मी वऱ्हाडातला. वीसेक वर्षं कापसाच्या भावाच्या बातम्या देतोय. दर हंगामात शेतकरी विचारतो, 'भाऊ, भाव काऊन पडला?' आणि दर हंगामात उत्तर आपल्या तालुक्याच्या बाहेरचं असतं. त्या उत्तराचा माग काढत गेलं की माणूस कधीतरी डार्वेनसारख्या गावात पोचतोच.

सुरुवात १८६१ पासून करू. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस तिथूनच यायचा, तोही गुलामांच्या हातांनी वेचलेला. तो बंद झाला आणि गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या हिवाळ्यात सगळ्या कापूस पट्ट्यात पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीच्या भाकरीवर जगत होती. विणकरांना खडी फोडायला, रस्ते आणि गटारं बांधायला लावलं गेलं. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच हे. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी गुलामगिरीविरोधी लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला पाठवलं, आणि पुढच्याच महिन्यात लिंकनने त्याला उत्तर दिलं. सगळं लँकेशायर काही या बाजूचं नव्हतं. पण स्वतःची चूल थंड असताना हे पत्र लिहिणारी माणसं तिथे होती, एवढं लक्षात ठेवा.

तिथे चूल थंड झाली तेव्हा इकडे मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. अमेरिकेचा कापूस नाही तर हिंदुस्थानचा आणा, असं झालं. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, जिथला म्हणून कापूस मुंबईतून जाई त्याला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, त्यात काडीकचरा. विणकराला मजुरी कापडाच्या नगावर मिळे. धागा सारखा तुटला की काम रखडे आणि आठवड्याची कमाई घटे. त्यामुळे 'सुरत' हा शब्द लँकेशायरमध्ये शिवीसारखा झाला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आपल्या मालाला कोण शिव्या देतंय हे माहीत नव्हतं. डार्वेनच्या विणकरालाही तो माल कुणाच्या शेतातला हे माहीत नव्हतं. दोघांच्या मध्ये दलाल, सावकार, जहाज कंपन्या आणि लिव्हरपूलचा बाजार बसलेला होता.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन आपटला. मुंबईत बॅक बे रेक्लमेशनचे पाच हजारांचे शेअर पन्नास हजारांपर्यंत चढले होते, ते कागद झाले. १ जुलै १८६५ ला अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्यांच्याच देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुढे उभा राहिला, उंची सुमारे २८० फूट. गंमत बघा, त्याच दशकात डार्वेनमध्येही एक मनोरा उभा राहिला. इटलीतल्या चर्चच्या घंटाघरासारखी नक्षीदार, तीनशे फुटांहून उंच अशी ती गिरणीची चिमणी. १८६७ साली पुरी झाली, आणि गिरणीचं नाव काय? इंडिया मिल! ती बांधणाऱ्या एक्लिस शोरॉकचा धंदाही पुढे बुडाला. दोन्ही मनोरे मात्र अजून उभे आहेत.

पैसेवाल्याचं नाव निदान दगडावर राहिलं. शेतकऱ्याचं काय? तेजीत कर्ज मिळालं, मंदीत तेच कर्ज गळ्याला लागलं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्या दंग्यामागे ही कापसाची तेजी-मंदीही होती. वऱ्हाडात रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावची खास लाइन व्हॉईसरॉय लॉर्ड मेयोने स्वतः येऊन उघडली. कापूस बंदराकडे झपाट्याने जायला लागला. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली.

आता परत डार्वेनला. गिरणीच्या भोंग्यावर चालणारं हे गाव होतं, पण त्याला गावपण होतं. चॅपल, सहकारी दुकान, विणकरांची युनियन आणि तिच्यात बायांची मोठी संख्या. उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद, आणि अख्खं गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रावर. गावावरच्या माळरानाचा जमीनदार लांब सॉमरसेटला राहायचा. शिकारीच्या पक्ष्यांसाठी त्याने जुन्या पायवाटा बंद केल्या. लोक चालत राहिले, कोर्टकज्जे झाले, आणि १८९६ मध्ये माळ लोकांसाठी मोकळा झाला. १८९८ ला डोंगरावर ८५ फुटांचा बुरूज बांधला. कागदोपत्री तो राणीच्या राज्यकारभाराच्या साठ वर्षांचा, पण गावाच्या लेखी त्या वाटांच्या विजयाचा. २०१० च्या वादळात त्याचा घुमट उडाला, तर २०१२ मध्ये नवा बसवला. असं आहे ते गाव.

पण याच गावांच्या पोटासाठी आपल्यावर काय लादलं गेलं तेही सांगायला हवं. लँकेशायरच्या दबावाखाली १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात उठवली. पुढे तिजोरीच्या गरजेपोटी ती परत लावावी लागली, तर १८९६ मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर बसवला. का, तर लँकेशायरला स्पर्धा नको. टिळकांनी त्यावर रान उठवलं. हा कर जायला १९२६ उजाडलं. १९१३ साली ब्रिटनमधून आपल्याकडे सुमारे तीनशे कोटी यार्ड कापड आलं होतं. १९३१ मध्ये ते जेमतेम आठवा हिस्सा उरलं. आपल्या गिरण्या वाढल्या, जपानचं स्वस्त कापड आलं, जगभर मंदी आली आणि वर बहिष्कार. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवी भागात विलायती कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. वय बावीसच्या आसपास. आंबेगाव तालुक्यातला, आणि स्वतः गिरणी कामगार.

त्यानंतर नऊच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९३१ च्या रात्री, गांधीजी डार्वेनजवळच्या स्प्रिंग व्हेल स्टेशनावर उतरले. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते. तुमच्या बहिष्काराने इथे काय झालंय ते येऊन बघा, असं बोलावणं ग्रीनफील्ड मिलच्या मालक डेव्हिस कुटुंबाकडून होतं. गावात बेकारी होती. ज्याच्या नावाने आपली चूल विझली असं पेपर सांगतात, तोच माणूस पंचा नेसून दारात उभा. दगड पडले असते तरी नवल नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. गिरणीच्या बायांच्या गराड्यात गांधीजी, आणि बाया हात उंचावून जयजयकार करतायत. गांधीजींनी त्यांना गोड गोड काही सांगितलं नव्हतं. तुमचं दुःख मला कळतं, पण माझ्या देशात कोट्यवधी लोक अर्धं वर्ष बिनकामाचे असतात, आणि तुम्हाला मिळणारा बेकारी भत्ता त्यांच्या कमाईच्या कितीतरी पट आहे, असं ते स्पष्ट बोलले. बहिष्काराबद्दल माफी मागितली नाही. त्यावर एका बेकार कामगाराने सांगितल्याची नोंद आहे, की मी हिंदुस्थानात असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. त्या दौऱ्याने एकही बंद गिरणी उघडली नाही. पण सत्तर वर्षं ज्यांनी एकमेकांना नुसतं 'सुरत' आणि 'मँचेस्टर' म्हणून ओळखलं, त्यातला एक दुसऱ्याच्या जागी उभा राहून बघू शकला. समोरासमोर आल्याशिवाय हे घडत नाही. पेपरातून तर नाहीच, हे पेपरवाला असून सांगतोय.

पुढे लँकेशायरचं कापड संपतच गेलं. १९५९ च्या कायद्याने जुने माग भंगारात काढायला सरकारने मालकांना पैसे दिले. डार्वेन तगलं, कारण तिथे वॉलपेपर आणि रंगाचे कारखाने होते, पर्स्पेक्स प्लॅस्टिक बनत होतं. ज्या गावांकडे फक्त माग होते ती जास्त खचली. आपल्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचं काय झालं, ते वेगळं सांगायला नको.

आता २०२५ वर या. ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला. कापड उद्योग अडचणीत आला, म्हणून केंद्राने कापसावरची ११ टक्के आयात जकात उठवली, आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन आपला कापूस घरात यायच्या वेळी. तिरुपूरच्या शिलाई कामगाराचं पोट खरं आहे, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याचंही. पण पुन्हा तेच झालं. एकाला वाचवायचं म्हणून दुसऱ्याचा भाव पाडायचा, आणि दोघांना एका खोलीत कुणीच बसवायचं नाही.

कापसाचं धोरण ठरतं तेव्हा शेतकरी आणि कामगार या दोघांची माणसं एका टेबलाशी असली पाहिजेत, एवढी साधी मागणी का होत नाही? शेतकरी संघटना दिल्लीला वेगळ्या जातात, कामगार संघटना वेगळ्या. १९३१ मध्ये एक म्हातारा आगगाडीत बसून थेट दुसऱ्या टोकाला गेला होता. आपल्या पुढाऱ्यांपैकी कुणी तिरुपूरला जाऊन तिथल्या बायांशी बोललंय का? माहीत असेल तर खाली लिहा. आणि तिरुपूर, इचलकरंजी, भिवंडीत काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी आधी लिहा.